गोधडी धुऊ नका

नमस्कार श्रोतेहो.

माळ्यावरून बॅग खाली आली की आमच्या चिंगीची शेपटी पायांत जाते. चिंगी म्हणजे पर्वतीच्या पायथ्याशी, भाजीच्या हातगाडीखाली सापडलेली अस्सल गावठी कुत्री. तिला कॅलेंडर वाचता येत नाही, पण बॅगेची चेन कुठल्या आवाजात उघडली म्हणजे माणसं घर सोडून जाणार, हे तिला बरोबर कळतं.

दिवाळी तोंडावर आली आहे. गावी जाणाऱ्या अनेक घरांत सध्या एकच प्रश्न असेल, कुत्र्याचं काय करायचं? शेजारच्या काकू एखादी संध्याकाळ सांभाळतील, पाच दिवस नाही. मग उरतं बोर्डिंग, म्हणजे पैसे घेऊन कुत्री सांभाळणारी जागा. मुळशीच्या रस्त्याला, वाघोलीकडे, सिंहगडाच्या बाजूला अशी ठिकाणं आहेत आणि सणासुदीला ती लवकर भरतात.

पहिल्या वेळी मी काय केलं ते आधी सांगते. साताऱ्याला भाचीचं लग्न होतं, चार रात्रींचा प्रश्न होता. फोनवर फोटो पाहिले, पैसे भरले. आदल्या दिवशी चिंगीची गोधडी, माझ्या आईच्या जुन्या लुगड्याची, खसाखसा धुतली आणि वर सुगंधी पाण्यात बुडवून काढली. मळकी गोधडी देऊन पाठवायची म्हणजे लोक काय म्हणतील! चिंगीनं दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. परत आणली तेव्हा भुंकून भुंकून तिचा आवाज बसला होता. कुत्रं घर ओळखतं ते नाकानं. त्या गोधडीतलं आमचं सगळं घर मी स्वतःच्या हातांनी मोरीत सोडून दिलं होतं.

तेव्हा गोधडी धुऊ नका. उलट दोन दिवस वापरलेला एखादा जुना शर्टही सोबत द्या.

आता लशींचं. रेबीजची लस आणि पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो वगैरे कुत्र्यांच्या रोगांवरची एकत्रित लस बहुतेकांनी दिलेली असते. महापालिकेच्या परवान्यासाठी रेबीजचं प्रमाणपत्र काढलं असेल, तर तेच इथंही दाखवा. राहून जाते ती केनेल कफची लस. घशात हाड अडकल्यासारखा कोरडा खोकला येतो, तो हा आजार. जिथं बरीच कुत्री एका छताखाली असतात, तिथं तो हवेतून आणि एकाच भांड्यातल्या पाण्यातून पसरतो. लस टोचली की दुसऱ्या दिवशी संरक्षण मिळतं असं नाही, म्हणून डॉक्टरांकडे तीन-चार आठवडे आधी जा. गोचिडांचं औषधही त्याच फेरीत विचारून घ्या. पुण्यात पाऊस सरला तरी गोचीड सरत नाहीत, आणि त्यांच्यापासून होणारा ताप कुत्र्याला पार आडवं करतो.

जागा स्वतः जाऊन बघा, तीही न कळवता. दाराशी एकामागोमाग दोन फाटकं आहेत का? नव्या जागी बावरलेलं कुत्रं एका फाटकातून सुटलं की ते शोधताना दिवाळी तिथंच संपते. गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर हवाच. रात्री तिथं माणूस झोपतो का आणि फटाके वाजायला लागले की कुत्र्यांना कुठं नेतात, हे दोन प्रश्न जरूर विचारा. उत्तर देताना मालक घुटमळला, तर सरळ घरी या.

मग तालीम. आधी दोन तास सोडायचं आणि घेऊन यायचं. पुढच्या आठवड्यात अर्धा दिवस, मग एक रात्र. माणूस जातो आणि परत येतो, एवढंच तिला पटायला हवं. ते बोलून पटत नाही, जाऊन परत यावं लागतं.

खाणं घरचंच द्या. नवं खाणं आणि नवी जागा एकदम आली की पोट बिघडलंच म्हणून समजा. मी चिंगीचा चिकन-भात वाट्यांत मोजून, डबे करून देते. औषध असेल तर मूळ पाकिटातच द्या आणि वेळ मराठी-हिंदी दोन्हींत लिहा. यावरून आठवलं. तिथला सांभाळणारा मुलगा हिंदी बोलणारा. तो बिचारा "बैठो, बैठो" करून थकला, चिंगी नुसती तोंडाकडे बघत उभी. तिला कळतं ते "बस". आणि हिंदीत "बस" म्हणजे पुरे! आता मी तिच्या शब्दांची यादीच देते : बस, थांब, चल शू.

निरोपाच्या वेळी मात्र रडारड नको. गळ्यात पडून "माझं बाळ गं ते" केलंत, तर काहीतरी भयंकर घडतंय, अशीच तिची खात्री होईल. पट्टा त्या मुलाच्या हातात द्या, डबा द्या, आणि मागे न बघता गाडी सुरू करा. मला हे अजून नीट जमलेलं नाही. मागच्या खेपेला मी फाटकाबाहेर दहा मिनिटं उभी होते, आणि आत चिंगी त्या मुलाच्या खिशात नाक खुपसून बिस्किट शोधत होती.

पुढच्या गुरुवारी आम्ही कोकणात निघतोय. बॅग मी आठवडाभर आधीच खाली काढून हॉलमध्ये उघडी ठेवली आहे. पहिला दिवस चिंगी तिच्याभोवती फिरली, दुसऱ्या दिवशी तिनं आत पाय टाकला. आज सकाळपासून त्यात झोपली आहे. आता कपडे कशात भरायचे, हा माझा प्रश्न आहे.

नमस्कार.