२,९३० पैकी ४९

(दृश्य: ग्रंथालयातलं लांबलचक टेबल. त्यावर सात जाडजूड पाठ्यपुस्तकं.)

अमेरिकेत संगीताची पदवी घ्यायची तर बहुतेक विद्यापीठांत 'म्युझिक थिअरी'च्या, म्हणजे संगीत कसं रचलं जातं ते शिकवणाऱ्या शास्त्राच्या, तासाला बसावंच लागतं. त्या तासाला चालणारी ही सात पुस्तकं, बाजारात सगळ्यात खपणारी. न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजातले प्राध्यापक फिलिप यूएल यांच्या अभ्यासात या पुस्तकांतली संगीताची उदाहरणं मोजली गेली. एकूण २,९३०. त्यात गौरेतर रचनाकारांची किती? ४९. शंभरात दोनसुद्धा नाहीत! आणि हे कुठे, तर ज्या मातीत कृष्णवर्णीयांचे ब्लूज आणि जॅझ जन्मले, तिथे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ओहायोतल्या कोलंबस शहरात सोसायटी फॉर म्युझिक थिअरी या अभ्यासकांच्या संस्थेचं वार्षिक अधिवेशन भरलं होतं. यूएल यांनी तिथे संस्थेचीच आकडेवारी मांडली: ८४.२ टक्के सभासद गोरे. व्हिएन्नाचे हाइनरिख शेंकर म्हणजे या शास्त्राचं आराध्यदैवत. ते वंशाबद्दल काय काय लिहून गेले, तेही त्यांनी सभागृहापुढे ठेवलं. श्रोत्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

गाजलं ते हे भाषण. पण त्याच्या वर्षभर आधीच टेक्सासच्या सॅन अँटोनिओमध्ये पीएचडी करणाऱ्या मुलामुलींनी स्वतः एक परिसंवाद भरवला होता. गटाचं नाव प्रोजेक्ट स्पेक्ट्रम, संस्थापक क्लिफ्टन बॉइड, तेव्हा स्वतःच विद्यार्थी. संगीताच्या अध्यापनात वेगवेगळ्या समाजांतली माणसं यायची तर ती वाटेत गळतात कुठे, हा त्यांचा प्रश्न.

(दृश्य: परीक्षेची खोली. पाच रेघांचा कोरा कागद, पेन्सिल, खोडरबर.)

गळती कुठे होते ते बघायचं तर या खोलीत या. पीएचडीला प्रवेश मिळाला, तरी आल्या आल्या अनेक ठिकाणी ही चाचणी द्यावी लागते. जर्मन संगीतकार बाखच्या वळणाची चार आवाजांची रचना पूर्ण करायची. नियम कडक. दोन आवाजांनी सा-प धरला आणि दोघंही तसेच्या तसे रे-ध वर सरकले, तर ते समांतर पंचम. लाल शाई! रॉक वाजवणाऱ्या गिटारवाल्याचा डावा हात दिवसभर हेच करतो. त्याच्या संगीतात तो रंग आहे, इथे ती चूक. चर्चमध्ये गॉस्पेल गाऊन तयार झालेली मुलगी, मेक्सिकन मारियाची संगीताच्या ताफ्यात वाढलेला मुलगा, तबल्याचे कायदे तोंडपाठ असलेला कुणी, या सगळ्यांचा कान तयारच असतो. पण तो कान तपासणारी प्रश्नपत्रिकाच नसते.

बाख शिकवू नका, असं यूएल किंवा बॉइड म्हणत नाहीत. हा आरोप मात्र त्यांच्यावर उठसूट होतो.

बाकीच्या अडचणी अगदी किरकोळ वाटतात, पण सगळ्या खिशाशी येऊन थांबतात. अर्जाची फी. जर्मन वाचता येण्याची अट. अधिवेशनाला जायचं तर विमान, हॉटेल, नोंदणी आधी पदरचे पैसे घालून करायची, बिलं नंतर मंजूर होणार. ज्याच्या घरी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्याला शिफारसपत्र कधी आणि कसं मागायचं हेही कुणी सांगितलेलं नसतं. प्रोजेक्ट स्पेक्ट्रमच्या मुलांनी ते एकमेकांना सांगायला सुरुवात केली. आपला प्रबंध सांभाळून, तासांना शिकवून, उरलेल्या वेळात. या कामाचे पैसे कुणी देत नाही, आणि नोकरीच्या मुलाखतीत ते संशोधन म्हणून धरलं जाईलच असंही नाही.

(दृश्य: डेंटन, टेक्सास. विद्यापीठाचा उन्हातला परिसर.)

बोलण्याची किंमत काय असते, हे जुलै २०२० मध्ये दिसलं. इथल्या नॉर्थ टेक्सास विद्यापीठातून शेंकर यांच्या नावानं निघणाऱ्या नियतकालिकानं यूएल यांच्या भाषणावर १५ प्रतिक्रिया छापल्या. काही त्यांच्या बाजूच्या, काही चांगल्याच बोचऱ्या, एक तर निनावी. खुद्द यूएल यांना लिहायला बोलावलंच नव्हतं.

त्याच विभागातल्या विद्यार्थ्यांनी जाहीर निवेदन काढून या अंकाचा निषेध केला. विद्यापीठानं चौकशी नेमली. पुढच्या वर्षी नियतकालिकाशी संबंधित प्राध्यापकानं विद्यापीठाला कोर्टात खेचलं. आपल्या मतस्वातंत्र्यावर गदा आली, हे त्यांचं म्हणणं. तो मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण नावडतं मत छापता येणं हीही विद्यापीठाचीच गरज. पण याच दाव्यात बदनामीच्या आरोपाखाली एका विद्यार्थ्यालाही प्रतिवादी केलं होतं. प्राध्यापकाची नोकरी कायम होती. विद्यार्थ्याची पदवी अजून हातात यायची होती.

बॉइड पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात प्राध्यापक झाले. आता शिफारसपत्रं मागायला विद्यार्थी त्यांच्याकडे येतात.