पर्स कुठे टेकते?

मित्रहो, आज ज्यांच्याविषयी बोलायचे आहे त्या वस्तू या क्षणी आपल्या प्रत्येकाच्या खांद्यावर, खिशात किंवा मांडीवर आहेत : पर्स, हँडबॅग, मोबाईल, पाण्याची बाटली, रुमाल, पाकिटातल्या नोटा. यांच्यावर जंतू असतात हे आता शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. ते जंतू वस्तूवरून माणसाच्या शरीरात कोणत्या वाटेने शिरतात, आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या सोलापुरात, साठवलेल्या पाण्यावर संसार करणाऱ्या घरात ही वाट कशी अडवायची, एवढाच माझ्या व्याख्यानाचा विषय आहे.

पर्सवर संडासाच्या सीटपेक्षा जास्त जंतू असतात, अशा अर्थाचे मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात आणि ते वाचून माणूस हादरतो. ही तुलना मला दिशाभूल करणारी वाटते. सीट गुळगुळीत असते, लवकर सुकते आणि निदान अधूनमधून धुतली तरी जाते. पर्सचे अस्तर, शिवण, चेनचे दाते यांत धूळ, घाम आणि खाण्याचा चुरा साठत राहतो आणि वर्षानुवर्षे त्याला कोणी हात लावत नाही. तिथे जंतूंची संख्या जास्त निघाली तर त्यात नवल काही नाही. पण संख्येवरून धोका ठरत नाही. जंतू कोणता आहे आणि तो कुठे पोहोचतो, यावर धोका ठरतो.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना हे सहज दाखवता येते. निर्जंतुक केलेला कापसाचा बोळा ओला करून पर्सच्या तळावर फिरवायचा, आगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, बशीवर त्याच्या रेघा ओढायच्या आणि बशी रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी रेघांवर पांढरे, साईच्या रंगाचे, काही पिवळसर ठिपके उमटलेले दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे लक्षावधी जिवाणूंची एक वसाहत. त्यांतले बहुतेक आपल्याच कातडीवरचे किंवा मातीतले असतात आणि निरोगी माणसाला काही करत नाहीत. पिवळसर ठिपका मात्र कधीकधी स्टॅफिलोकोकस ऑरियसचा निघतो. साधारण दहांपैकी तीन निरोगी माणसांच्या नाकात हा जिवाणू बिनबोभाट राहत असतो. तो जखमेत गेला की पू होतो, गळू होते. खव्यासारख्या दुधाच्या पदार्थात पडून उबेत वाढला तर असे विष तयार करतो की नंतर पदार्थ उकळला तरी ते नाहीसे होत नाही आणि खाणाऱ्याला काही तासांतच उलट्या सुरू होतात.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, पर्स कुठे टेकते? एसटी स्टँडच्या फरशीवर, दवाखान्यात बाकाखाली, स्वच्छतागृहात ओल्या लादीवर टेकलेली पर्स घरी आल्यावर ओट्यावर किंवा तान्ह्या बाळाच्या अंथरुणावर ठेवली जाते. स्वच्छतागृहाच्या लादीवर विष्ठेतले जंतू असू शकतात, आणि त्यांतल्या काहींना माणूस आजारी पाडायला फार मोठी फौज लागत नाही : हगवण करणारा शिगेला किंवा उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस शंभराहून कमी संख्येनेही पुरतो. पर्स स्वतः कोणाला आजारी पाडत नाही. तिचा तळ ओट्याला लागतो, ओट्यावर पोळी लाटली जाते, हात तोंडाकडे जातो. ही साखळी एका ठिकाणी तुटली तरी पुरते.

प्रत्येक जंतूची वाट मात्र निराळी असते, हे ध्यानात ठेवावे. २०२० साली आपण भाजी साबणाने धुतली, दुधाच्या पिशव्या पुसल्या. पुढे दिसून आले की कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये नमूद केले की दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. फ्लूचा विषाणू स्टील-प्लॅस्टिकवर २४ ते ४८ तास, तर कापड-कागदावर ८ ते १२ तास टिकतो. जुलाब, डोळे येणे आणि त्वचेचे विकार यांत मात्र हात आणि वस्तू यांचा वाटा खरोखर मोठा असतो.

डोळे येण्यावरून मी टॉवेलकडे येतो. टेरी टॉवेल ही आपल्या शहराची ओळख आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. त्याच्या पृष्ठभागावरचे धाग्यांचे फासे पाणी शोषून घेतात हा त्याचा गुण. पण न वाळवता खोलीत दांडीवर पडून राहिला तर तीच ओल जंतूंना पोसते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली होती. अशा साथींमागे बहुधा अ‍ॅडेनोव्हायरस असतो आणि तो कोरड्या वस्तूवरही कित्येक दिवस तग धरतो. त्याच्यावर आणि नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही; तिथे साबणच हवा. ज्या शहरात इतके टॉवेल विणले जातात, त्या शहरातल्या घरात चौघांनी एकाच टॉवेलला तोंड पुसू नये, असे मला मनापासून वाटते. वापरलेला टॉवेल गच्चीवर उन्हात पसरावा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. ऊन आणि कोरडी हवा या दोन्ही गोष्टी जंतूंना मारक आहेत आणि त्यांना एक तांब्याही पाणी लागत नाही. खिडकीच्या काचेआड मात्र हा उपयोग फारसा होत नाही, कारण काच अतिनील किरणांचा बराच भाग अडवते.

पाण्याची काटकसर हात धुतानाही साधते. हात ओले करावेत, नळ बंद करावा, साबण लावून नखांखाली, बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठ्याभोवती किमान वीस सेकंद चोळावे, मग दुसऱ्याकडून तांब्याने पाणी घालून घ्यावे. मळ आणि जंतू सुटतात ते साबणाने चोळण्यामुळे. पाण्याचे काम फक्त ते वाहून नेण्याचे.

रेक्झिनची पर्स साबणाच्या ओलसर फडक्याने तळाला आणि बंदांना पुसून लगेच कोरडी करावी. चामड्याला अल्कोहोल लावू नये, ते कोरडे पडून तडकते. कापडी पिशवी उलटी करून धुवावी, आणि मटण-चिकनची पिशवी भाजीच्या पिशवीपासून कायम वेगळी ठेवावी. मोबाईल बंद करून सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेल्या मऊ कापडाने पुसावा, थेट फवारा मारू नये. शुद्ध अल्कोहोलपेक्षा सत्तर टक्क्यांचे द्रावण चांगले काम करते, कारण जंतूंची प्रथिने मोडायला थोडे पाणी लागते आणि पाण्यामुळे ते लवकर उडूनही जात नाही. बाटलीच्या झाकणातली रबरी चकती काढून पाहावी. तिच्याखालचा बुळबुळीत थर म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती बांधलेले घरच असते आणि तो घासल्याशिवाय निघत नाही. नोटा मोजताना अंगठा जिभेला लावू नये.

शेवटी एक विनंती, ज्यांच्या हाती शाळा, कार्यालये, मंगल कार्यालये यांचे बांधकाम आहे त्यांना. बाई पर्स लादीवर ठेवते ती निष्काळजीपणाने नव्हे, तर ती टांगायला जागाच नसते म्हणून. एका हातात पर्स, दुसऱ्या हाताने साडी सावरायची आणि दाराची कडी तुटलेली, अशा स्थितीत तिने काय करावे? स्वच्छतागृहाच्या दाराला आतून, खांद्याच्या उंचीवर, भरलेल्या पिशवीचे वजन पेलेल असा एक हूक बसवावा, आणि जिथे तो आज नाही तिथे याच आठवड्यात बसवून घ्यावा.