उत्तर आलं का?

नमस्कार मंडळी. मी वेब डेव्हलपर आहे. म्हणजे तुम्ही मोबाईलवर एखादी वेबसाईट उघडता ना, तिचं बटण कुठे असावं, ते दाबल्यावर काय व्हावं, फॉर्म भरताना चुकलं तर लाल अक्षरात काय लिहून यावं, असली कामं मी गेली १३ वर्षं करतेय. आणि गेले ५ महिने नोकरी शोधतेय. आमची अख्खी टीमच बंद झाली, सकाळी ११ वाजता १५ मिनिटांची मीटिंग आणि दुपारी लॅपटॉप लॉक. त्या दिवसाबद्दल आज फार बोलत नाही, कारण तो एकच दिवस होता आणि तो संपला. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या शांततेबद्दल, जी संपतच नाहीये.

आई रोज संध्याकाळी एकच विचारते, "उत्तर आलं का गं?" नोकरी लागली का असं नाही विचारत, ते तिने पहिल्या महिन्यातच सोडून दिलं. उत्तर आलं का, एवढंच. आणि मी रोज नाही म्हणते.

आता गंमत बघा म्हणवत नाही, पण मला हे जास्त लागतं कारण माझं सगळं काम उत्तरांवर चालतं. तुम्ही एखाद्या लिंकवर बोट ठेवलं की ब्राउझर पलीकडच्या सर्व्हरकडे, म्हणजे ती वेबसाईट जिथे ठेवलेली असते त्या संगणकाकडे, काहीतरी मागतो, त्याला आम्ही रिक्वेस्ट म्हणतो, आणि सर्व्हर त्याला रिस्पॉन्स देतो. त्या रिस्पॉन्सवर तीन आकडी नंबर असतो. २०० म्हणजे सगळं ठीक, हे घे. ४०४ तुम्ही पाहिलेला असेलच, मागितलेलं पान सापडलं नाही. ४०३ म्हणजे पान आहे पण तुला परवानगी नाही. ४१० म्हणजे होतं, पण आता कायमचं काढून टाकलंय, परत विचारू नकोस. ५०० म्हणजे तुझी चूक नाही, माझ्याकडेच काहीतरी मोडलंय. म्हणजे नुसतं 'नाही' म्हणायचं तर त्याचेसुद्धा इतके प्रकार, आणि प्रत्येकातून समोरच्याला कळतं की आता पुढे काय करायचं.

हे पहिल्यापासून असं नव्हतं बरं का. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली १९८९ साली, आणि १९९१ च्या सुरुवातीच्या एचटीटीपीमध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरने एकमेकांशी कसं बोलायचं त्या नियमांमध्ये, हे नंबरच नव्हते. काही चुकलं तर चूक झाल्याचं सांगणारं एक पान यायचं, ते माणसाला वाचून समजायचं पण ब्राउझरच्या दृष्टीने खरं पान आणि चुकीचं पान सारखंच. मग पुढे हे नंबर आले, १९९६ मध्ये एचटीटीपी १.० चा दस्तऐवज निघाला त्यात ते रीतसर लिहिलेले आहेत. म्हणजे कुणीतरी बसून विचार केला की नुसतं काहीतरी पाठवून चालणार नाही, काय झालं ते स्पष्ट सांगितलं पाहिजे. मला हा विचार फार आवडतो, मी नवीन मुलांना शिकवताना नेहमी इथूनच सुरुवात करायचे.

आणि आता माझ्या अर्जांचं सांगते. एका कंपनीच्या करिअर पेजवर मी अर्ज भरत होते, नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. आधी रेझ्युमेची फाईल अपलोड करायला लावली, आणि पुढच्याच पानावर त्या फाईलमधली सगळी माहिती, प्रत्येक नोकरी, प्रत्येक तारीख, परत एकेका रकान्यात टाईप करायला लावली. ३५ मिनिटं गेली. शेवटी सबमिट दाबलं तर पान नुसतं पांढरं झालं. ना 'मिळालं' ना 'चुकलं'. मला राहवेना, मी ब्राउझरचं डेव्हलपर टूल्स उघडलं, नेटवर्कचा टॅब उघडला आणि माझा अर्ज खरंच गेला का ते शोधलं. तिथे एका ओळीत नंबर होता, २०१. म्हणजे तुमची नोंद तयार झाली. पलीकडच्या सर्व्हरने आपलं काम चोख केलेलं होतं, बिचाऱ्याने लगेच सांगितलं की मिळालं. त्यानंतर आजपर्यंत, सात आठवडे झाले, त्या कंपनीतल्या एकाही माणसाकडून एक अक्षर नाही.

बटण दाबल्यावर काहीच झालं नाही तर माणूस काय करतो? परत दाबतो. हे आमच्या कामातलं अगदी रोजचं दुखणं आहे, एकच ऑर्डर दोनदा जाते ती यामुळेच. वेबसाईट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे जाणकार जेकब नीलसन यांनी १९९४ मध्ये चांगल्या डिझाईनची १० तत्त्वं मांडली, त्यातलं पहिलंच हे आहे की आत काय चाललंय ते वापरणाऱ्याला सतत कळत राहिलं पाहिजे. त्यांनीच वेळेचा हिशोबही सांगितलाय, एक सेकंदापर्यंत माणसाच्या विचाराची साखळी तुटत नाही, १० सेकंदांच्या पुढे गेलं की लक्ष उडतं. आम्ही तेवढ्यासाठी फिरणारं चक्र दाखवतो, 'सेव्ह होतंय' असं लिहितो, सेव्ह झाल्यावर हिरवी खूण दाखवतो. १० सेकंदांसाठी एवढी काळजी घेणारे आम्हीच लोक, माणसाला दोन-दोन महिने पांढऱ्या पानासमोर बसवतो, आणि मग तोही तेच करतो हो, परत दाबतो, एकाच कंपनीत तीन जागांसाठी अर्ज करतो, ओळखीपाळखीतून मेसेज टाकतो, आणि पलीकडचे म्हणतात किती अर्ज येतात बघा.

अर्ज भरपूर येतात हे खरंय, मला माहितीये, मी त्या बाजूलाही बसलेय. जुन्या नोकरीत मी इंटरव्ह्यू घ्यायचे, वर्षाला २०-२५ तरी. इंटरव्ह्यू झाला की मी एक फॉर्म भरायचे, मनापासून भरायचे, काय चांगलं होतं, कुठे कमी पडलं, आणि तो एचआरकडे जायचा. पुढे त्या मुलांना कोणी काय कळवलं, मी एकदाही विचारलं नाही. एक मुलगी आठवते, तिने माझ्यासमोर एक फॉर्म दुरुस्त करून दाखवला होता आणि प्रत्येक रकान्याला लेबल जोडलं होतं, कोणी न सांगता. मी तिच्याबद्दल चांगलं लिहिलं होतं, पण जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. ते चांगलं लिहिलेलं तिच्यापर्यंत पोचलं का? आता रात्री हे आठवतं आणि वाईट वाटतं, खरंच वाटतं.

लेबलचं का सांगितलं तर ते माझ्या जिव्हाळ्याचं काम आहे. ज्यांना दिसत नाही ते स्क्रीन रीडर वापरतात, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. रकान्याला कोडमध्ये लेबल जोडलेलं नसेल तर त्याला वाचायला काही मिळेलच असं नाही, बऱ्याचदा ते नुसतं म्हणतं, एडिट, रिकामं. पुढचा रकाना, एडिट, रिकामं. नाव लिहायचंय की जन्मतारीख, काही पत्ता नाही. मी एकदा असा ४० रकान्यांचा फॉर्म दुरुस्त केला, दोन दिवस लागले, दिसायला त्यात काडीचा फरक पडला नाही, मॅनेजरने विचारलंसुद्धा की नक्की केलं काय. आठवड्याने एका वापरणाऱ्याचा ईमेल आला, एकच ओळ, 'आज पहिल्यांदा मी हा फॉर्म कोणाची मदत न घेता भरला.' १३ वर्षांत मला मिळालेलं सगळ्यात मोठं उत्तर ते. रेझ्युमेमध्ये ते अर्ध्या ओळीत बसतं, आणि तो चाळणाऱ्या सॉफ्टवेअरला तर त्या ओळीचं काही पडलेलंच नसतं, त्याला हवी असतात फ्रेमवर्कची, म्हणजे वेबसाईट बनवायच्या तयार साधनांची, नावं. रिअॅक्ट २०१३ ला आलं, व्ह्यू २०१४ ला, त्याआधी जेक्वेरी होतं २००६ पासून, मी तिन्हीत काम केलंय आणि उद्या चौथं आलं तर तेही शिकेन, शिकायला मला आवडतं. पण लेबल तेव्हाही लागायचं आणि आजही लागतंच.

घरी करायला दिलेल्या असाइनमेंटबद्दलही बोलायचं होतं, तेवढं थोडक्यात सांगते. '४ तासांचं काम आहे' म्हणून दिलेल्या एका असाइनमेंटला मला २२ तास लागले, कारण अर्धवट काम पाठवायला मन धजत नाही. पाठवली. त्यावरही शांतता. माझं स्पष्ट मत आहे, कोणाचे फुकट २२ तास घेतले असतील तर निदान २२ शब्द परत द्यायला हवेत. नाही असेल तर नाही लिहा, आम्ही मोठी माणसं आहोत, ऐकून घेऊ.

मी एक एक्सेल शीट ठेवलीये. तारीख, जागा, रेझ्युमेची कुठली कॉपी पाठवली, आणि शेवटचा रकाना, उत्तर. ६१ ओळी झाल्यात. त्यातल्या ९ ठिकाणी 'आपोआप आलेला ईमेल' असं लिहिलंय, बाकी बहुतेक रिकामे. एडिट, रिकामं, एडिट, रिकामं.

गेल्या गुरुवारी एक ईमेल आला. ज्यांच्याकडे दोन इंटरव्ह्यू दिले होते त्या टीमच्या लीडने स्वतः लिहिला होता. नाही म्हणाली. पण लिहिलं होतं की तुमचं अॅक्सेसिबिलिटीचं, म्हणजे त्या लेबलांसारखं सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेलं, काम आम्हाला आवडलं, या जागेला मात्र सर्व्हरच्या बाजूचा अनुभव जास्त असलेलं माणूस हवं होतं, तो तुमच्याकडे अजून कमी पडतो. सहा ओळी असतील. मी तो दोनदा वाचला, आणि खरं सांगते, इतके दिवस छातीवर काहीतरी बसलं होतं ते जरा हललं. संध्याकाळी आईने विचारलं, उत्तर आलं का गं? मी म्हटलं, आलं. ती हातातलं काम टाकून बाहेर आली, मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग लिही की तिला, मिळालं म्हणून."

लिहिलं. मग शीट उघडली आणि ५३ नंबरच्या ओळीत शेवटच्या रकान्यात 'नाही' असं टाईप केलं, त्याच्या बाजूला एक नवीन रकाना काढला आणि त्यात कारण लिहिलं.