दल सरोवरातलं मार्केट यार्ड

[दृश्य : काळोख. पाण्यात वल्ह्याचा आवाज.]

पहाटेचे पाच. सोलापूरच्या मार्केट यार्डात या वेळेला माळव्याच्या गाड्या लागलेल्या असतात, पाट्या उतरत असतात, अडत्याभोवती गर्दी जमते. श्रीनगरच्या दल सरोवरातल्या तरंगत्या भाजीबाजारातही आत्ता तेच चाललंय. इथे मात्र पायाखाली पाणी आहे आणि मधे अडत्या नाही. पिकवणाऱ्याच्या होडीला घेणाऱ्याची होडी चिकटते, भाव तोंडी ठरतो आणि पेंड्या या होडीतून त्या होडीत जातात.

बाजार ठोक खरेदीचा. पर्यटक आले नाहीत तरी भरतो, आणि उन्हं वर यायच्या आत उठतो. सात वाजता पोचलात तर पाण्यावर पाला तेवढा दिसेल.

[दृश्य : घाट, रांगेत उभे शिकारे.]

म्हणून शिकारा आदल्या संध्याकाळीच ठरवा. जाणं, बाजारात थांबणं आणि परत येणं, तिन्ही मिळून एकच रक्कम बोला. तासावर ठरवलंत की परतीला वाद होतो. घाटाचा नंबर लिहून घ्या, अंधारात सगळे घाट सारखेच दिसतात. आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, तेव्हा ‘पोचलो की फोन करतो’ हे विसरा. पोस्टपेड चालतं.

दलगेटकडून बाजारापर्यंत वल्हवत साधारण तास लागतो. मुक्काम शेजारच्या निगीन तलावातल्या हाउसबोटीत असेल तर कमी. जूनमध्ये तिथे साडेपाचच्या आधीच सूर्य उगवतो, म्हणजे साडेचारला निघायला हवं. ऑक्टोबरात सूर्योदय साडेसहाच्या सुमारास, तेव्हा तासभर उशीर चालतो. मे महिन्यात सोलापूर चाळिशी ओलांडतं, पण या पाण्यावर पहाटे अकरा-बारा अंश असतात. स्वेटर आणि कानटोपी बरोबर हवीच. नुसत्या सोलापुरी चादरीवर भागणार नाही. सुती चादर दवाने भिजते.

[दृश्य : बिनछताच्या अरुंद होड्या. टोकाला बसलेला शेतकरी, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं वल्हं.]

होडीत काय आहे ते बघा. हाख ही पालेभाजी, नवलकोल, सलगम, मुळा. उन्हाळ्यात काकडी, टोमॅटो, दुधी. थंडीकडे नदरू, म्हणजे आपली कमळकाकडी. ती तळाच्या गाळातून लांब काठीने ओढून काढतात.

यातली बरीच भाजी तरंगत्या वाफ्यांवर पिकते. तिथे त्याला राड म्हणतात. पाणवनस्पतींच्या मुळ्या-देठांचा विणला गेलेला थर पट्ट्या करून कापतात, वर शेवाळ आणि गाळाचे छोटे ढीग घालतात, त्यात रोपं लावतात. पट्टा वाहून जाऊ नये म्हणून वाळुंजाचे खांब तळात रोवून अडकवतात. पाणी चढलं की वावरही चढतं. असं वावर रात्रीतून ओढून नेल्याच्या चोऱ्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवून ठेवल्यात. आपल्याकडे बांध कोरतात. तिथे सगळं शेतच जायचं.

[दृश्य : होड्यांची दाटी.]

बाजारात शिकारा कडेला लावायला सांगा. मधे घातलात तर सौद्याची वाट अडते, आणि चिडलेला खरेदीदार योग्यच असतो. फोटोआधी विचारा, फ्लॅश नको. शिकाऱ्यात उभं राहू नका. एकाच बाजूला दोघं वाकले की होडी कलते आणि आधी मोबाइल पाण्यात जातो. फोनला गळ्यात दोरी बांधलेली बरी.

थोड्या वेळात तुमच्याही होडीला होड्या चिकटतील : फुलं, कहवा, केशर. केशराची काडी पाण्यात टाकून बघा. खरी काडी हळूहळू पिवळा रंग सोडते आणि स्वतः लालच राहते. पाणी लगेच लाल झालं तर पैसे खिशात ठेवा. परतीला नावाडी शालींच्या दुकानाशी थांबवायला बघेल; नको असेल तर निघतानाच सांगा.

हिवाळ्याचं म्हणाल तर 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, म्हणजे तिथली सगळ्यात कडक थंडी. पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो, वल्ह्याने फोडत जावं लागतं.

घाटावर उतरलात की नानवाईकडची गरम रोटी आणि नून चाय घ्या. गुलाबी रंग बघून मोठा घोट घेऊ नका, त्यात मीठ असतं.