डोळे मिटून कॉकपिट

[दृश्य: बंद विमानाचं कॉकपिट, जवळून]

मालकाने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली आहे. शेजारी बसलेला प्रशिक्षक विमान चालवायच्या एकेका मुठीचं नाव घेतो आणि मालकाचा हात त्या जागी जातो. थ्रॉटल. मिक्श्चर. फ्लॅप. इंधनाचा व्हॉल्व्ह. इथे हात थबकतो, चाचपडतो, मग मूठ सापडते.

"पुन्हा," प्रशिक्षक म्हणतो.

कुणीतरी घरी बांधलेलं आणि मालकानं विकत घेतलेलं हे विमान अजून हँगरमधून बाहेरही आलेलं नाही. आजच्या शिकवणीचा पहिला तास असाच जाणार आहे.

दाराजवळची ही अक्षरं बघा: 'एक्सपेरिमेंटल', म्हणजे प्रायोगिक. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानावर ती किमान दोन इंच उंचीची लागतात. आत प्रवाशासाठी पाटी आहे. हे विमान हौशी माणसानं बांधलंय, कारखान्यातल्या विमानांचे सुरक्षा-निकष ते पाळत नाही, असं ती स्पष्ट सांगते.

[दृश्य: शेजारचं हँगर, बांधकाम]

शेजारच्या हँगरमध्ये असंच एक विमान आकार घेतंय. यातली सगळ्यात वेगवान मंडळी किटमधून जन्माला येतात. लान्स नायबाउर यांनी 1980च्या दशकात सुरू केलेल्या लँकेअरचं नाव त्यात पुढे आहे. पेटीतून कार्बन फायबरची कवचं येतात, पण अर्ध्याहून जास्त काम बांधणाऱ्यानंच करायचं असतं. याला सगळे '51 टक्क्यांचा नियम' म्हणतात.

हा हात बघा. रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजून घेतलंय, कारण प्रमाण चुकलं तर जोड कधीच नीट घट्ट होणार नाही. जोडाची जागा आधी घासून खडबडीत केली आहे, मग पुसून कोरडी. कापडाच्या पट्ट्या रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसतात. प्रत्येक पट्टीखालचा हवेचा बुडबुडा बोटानं कडेपर्यंत ढकलत न्यायचा. मग थांबायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घासायचं. पंख एकदा बंद झाला की आतला जोड परत कुणालाच दिसणार नाही, म्हणून हा माणूस टॉर्च घेऊन तिसऱ्यांदा आत डोकावतोय. अशी वर्षं जातात. त्यानंतर तपासणी, कागदपत्रं, आणि ठरलेल्या हद्दीत सहसा 25 किंवा 40 तासांची चाचणी उड्डाणं. ती पूर्वी वैमानिकाला एकट्यानंच करावी लागत. 2014 पासून काही अटींवर, अनुभवी दुसरा वैमानिक शेजारी बसू शकतो. हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

एवढ्या निगुतीनं बांधलेलं विमान पुढे विकलं जातं. नव्या मालकाला किल्ली मिळते, कागद मिळतात. बांधणाऱ्याच्या हाताला काय ठाऊक होतं, ते मात्र त्याच्या हाताला मिळत नाही.

[दृश्य: लाँग-ईझी विमान, शेपटीकडून पुढे]

ही लाँग-ईझी, बर्ट रुटान यांची रचना. 12 ऑक्टोबर 1997 रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेहून अशाच, नुकत्याच विकत घेतलेल्या विमानातून निघाले. मूळ नकाशात टाकी बदलायचा व्हॉल्व्ह वैमानिकाच्या पुढ्यात आहे. या विमानाच्या बांधणाऱ्यानं तो डाव्या खांद्यामागे बसवला होता. तिथवर हात पोचवायला स्टिक, म्हणजे विमान हाकायची दांडी, सोडून अंग वळवावं लागे, आणि वळताना उजवा पाय रडरवर, नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पायटीवर, दाबला जाई. आदल्या दिवशीची ओळख-फेरी जेमतेम अर्ध्या तासाची होती. विमान समुद्रात कोसळलं, डेन्व्हर वाचले नाहीत. तपासात व्हॉल्व्हच्या जागेबरोबर अपुऱ्या प्रशिक्षणाचीही नोंद झाली.

आता टोपी आणि चाचपडणारा हात पुन्हा आठवा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं 2011 मधले अशा विमानांचे 224 अपघात तपासले. निम्म्याहून जास्त विमानं विकत घेतलेली होती. 14 अपघात नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात झाले. त्याआधी 2009 मध्ये विमान वाहतूक प्रशासनानं लँकेअरबद्दल वेगळा इशारा दिला होता: घरी बांधलेल्या विमानांच्या ताफ्यात वाटा साधारण 3 टक्के, त्यांच्या जीवघेण्या अपघातांत 16. लँकेअर मालकांनी स्वतःची संघटना उभी केली, या विमानासाठीच अभ्यासक्रम आखला. आजचे धडे त्याच वळणाचे आहेत.

[दृश्य: विमान धावपट्टीवर, मग आकाशात]

या लँकेअरचा पंख बघा, केवढासा आहे. शिकाऊ वैमानिकांच्या ओळखीच्या सेसना 172 ला 174 चौरस फूट पंख असतो. तितक्याच माणसांना नेणाऱ्या लँकेअर फोरला 98, आणि वजन सेसनापेक्षा जास्त. वेग इथूनच येतो. पण हेच विमान सावकाश उडवायला गेलं की हवा लवकर साथ सोडते, पंख विमानाला पेलेनासा होतो. यालाच स्टॉल म्हणतात. कारखान्यातल्या एका इंजिनाच्या विमानांना स्टॉलच्या वेगावर अनेक दशकं 61 नॉटची मर्यादा होती. घरी बांधलेल्याला ती कधीच नव्हती.

भरपूर उंचीवर प्रशिक्षक वेग कमी करायला सांगतो. स्टिक जड लागत होती, ती आता सैल झाली आहे. पंखाचा हवेशी होणारा कोन दाखवणारा हा छोटा दर्शक हिरव्यातून पिवळ्यात सरकतो. पहिली थरथर. मालकाचा हात लगेच पुढे, नाक खाली. पूर्ण स्टॉल करायचा नाही, चाहूल लागताच सोडवायचं. दहा वेळा. अकराव्या वेळी प्रशिक्षक मुद्दाम गप्पा मारतो.

[दृश्य: उतरण्यासाठीचं शेवटचं वळण, कॉकपिटमधून]

आता खाली, शेवटचं वळण. इथे वारा मागून ढकलतोय, विमान धावपट्टीच्या रेषेच्या पलीकडे चाललंय. मोह होतो, अजून थोडं कलवू. उंची न सोडता 45 अंश कललं की स्टॉलचा वेग 19 टक्क्यांनी वाढतो, 60 अंशाला 41. आणि खाली सावरायला उंचीच उरलेली नसते.

प्रशिक्षक बोलत नाही. त्याचे हात मांडीवर आहेत.

मालक पंख सरळ करतो. थ्रॉटल पुढे. "गो-अराउंड," त्याचाच आवाज. उतरणं सोडून पुन्हा वर.

धावपट्टी उजव्या बाजूनं मागे जाते.