काका, अजून एक पाकीट!

(दृश्य: तान्हा पोळ्याची संध्याकाळ, गल्लीत लाकडी नंदी ओढत फिरणारी पोट्टी)

तान्हा पोळा आला की नागपूरच्या पोट्ट्यांचे खिसे गरम असतात. घरोघरी नंदी फिरवायचा, बोजारा जमा करायचा आणि मग तो कुठं उडवायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. हल्ली यातले बरेच पैसे कुठं जातात ते बघायचं असेल तर कोपऱ्यावरच्या एखाद्या जनरल स्टोअरसमोर थोडा वेळ उभे राहा. "काका, पोकेमॉनचं पाकीट द्या ना." दातानं फाडलं, आतली कार्डं भराभर बघितली, "हट् बे, पुन्हा तेच!" आणि लगेच, "काका, अजून एक."

हे बघून आईबाबांचा प्रश्न ठरलेला. हा जुगार तर नाही ना? पोराला खेळू द्यावं की सगळं उचलून रद्दीत घालावं?

थांबा जरा, पोकेमॉन हा कार्डांचा खेळ आहे, आधी तो तर बघू, कारण गंमत अशी की पाकिटं फोडणाऱ्या बऱ्याच पोट्ट्यांना हा खेळ खेळताच येत नाही.

(दृश्य: धरमपेठ, सतरंजीवर समोरासमोर बसलेले बहीण-भाऊ)

प्रत्येकाकडं 60 कार्डांचा डेक म्हणजे गड्डी, हातात सात, बाजूला सहा उलटी ठेवलेली, त्यांना प्राइझ म्हणतात. समोरच्याचा पोकेमॉन, म्हणजे कार्डावरचा लढणारा प्राणी, आउट केला की आपल्या प्राइझमधलं एक उचलायचं, सहाही उचलली की जिंकलो. मारायला एनर्जी कार्डं लागतात आणि एका टर्नला हातातलं एकच लावता येते, त्यामुळं आत्ता मारू की अजून दम धरू हा विचार सारखा करावा लागतो. ही पाचवीतली पोट्टी भावाला काय म्हणते ऐका, "तुझ्या याला फायरचा वीकनेस आहे, मार दुप्पट, तीसचे साठ झाले, त्याच्याकडं पन्नासच उरले होते, गेला बे तुझा." पाढे म्हणायला बसवलं असतं तर पाणी प्यायच्या नावाखाली चारदा उठली असती, इथं तासभर जागची हललेली नाही.

हा सगळा प्रकार सुरू केला रिचर्ड गारफिल्ड नावाच्या माणसानं, गणितात पीएचडी केलेला माणूस. 1993 मध्ये अमेरिकेत त्याचा मॅजिक द गॅदरिंग हा असाच कार्डांचा खेळ आला, 1996 मध्ये जपानमध्ये पोकेमॉनची कार्डं निघाली. मॅजिकच्या सुरुवातीच्या नियमांत दोघांनी एकेक कार्ड डावावर लावायचं असायचं, हरला त्याचं कार्ड गेलं. पुढं कंपनीनंच ते बंद केलं. आपल्याकडं डब्ल्यूडब्ल्यूईच्या ट्रम्प कार्डात मात्र पोट्ट्यांना हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं, हाइट, वेट, रँक, हरलास? दे कार्ड. त्यावरून झालेली भांडणं बघणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आठवत असतील.

म्हणजे खेळ चांगला आहे, माझं मत विचाराल तर फारच चांगला आहे. लोचा पाकिटात आहे.

(दृश्य: कार्डाचा खालचा कोपरा, अगदी जवळून)

हे बारीक चिन्ह दिसतेय? गोल म्हणजे साधं कार्ड, चौकट म्हणजे जरा कमी मिळणारं, चांदणी म्हणजे रेअर. पाकीट बंद, आत काय आहे ते दुकानदारालाही माहीत नाही, आणि कधी निघेल हे माहीत नसणं याचीच तर चटक लागते. मोठ्या माणसांना लॉटरीत कळत नाही ते आठ वर्षांच्या पोराला काय कळणार, त्याचा हिशोब एकदम सरळ असतो, "चार फुकट गेले ना, मग पाचव्यात पक्कं निघन." अमेरिकेत 1999 मध्ये हा जुगारच आहे म्हणत काही पालक कोर्टात गेले होते. 2018 मध्ये बेल्जियमनं व्हिडिओ गेममधल्या विकतच्या लूट बॉक्सना, म्हणजे आत काय ते न कळणाऱ्या पेट्यांना, जुगार ठरवलं, पण कागदी पाकिटं आजही दुकानात टांगलेलीच आहेत.

त्यात यूट्यूब. एका अमेरिकी यूट्यूबरनं एका पिकाचू कार्डासाठी 52 लाख डॉलरच्या वर मोजले, हे इथल्या चौथीतल्या पोरालाही पाठ आहे. त्याला हे कोणी सांगत नाही की ते कार्ड कुठल्याच पाकिटातून निघालेलं नाही, 1990 च्या दशकाच्या शेवटी जपानमधल्या एका मासिकाच्या चित्रकला स्पर्धेत ते बक्षीस म्हणून वाटलं होतं. चित्र काढून मिळालं होतं राजे!

आणि ती सोनेरी चमचमणारी, डब्यात 55 असलेली कार्डं? बहुतेक नकली, स्पेलिंग चुकलेली, आकडे मनाला येतील ते, त्यांनी डाव मांडताच येत नाही. चमक मात्र जबरदस्त असते, ते मान्य.

वयाचं म्हणाल तर पोकेमॉनच्या डब्यावर 6 आणि त्यापुढं लिहिलेलं असते, मॅजिकवर 13. सहा वर्षांचं पोर कार्डावरचं बारीक इंग्रजी वाचून एकटं खेळेल असं मला वाटत नाही, आठ-नऊचं झालं की जमते. तोवर चित्रं बघू द्या, काही बिघडत नाही.

घ्यायचंच असेल तर सुट्या पाकिटांऐवजी तयार डेक घ्या, आत कुठली कार्डं आहेत ते आधीच माहीत असते आणि उघडल्या उघडल्या डाव लागतो. शाळेत न्यायचं नाही, कारण तिथं आठवीतला पोट्टा तिसरीतल्याला बरोबर गंडवते, चमकणारं फालतू कार्ड देऊन कामाचं घेऊन जाते. अदलाबदल करायची तर घरी, आणि रात्र मध्ये जाऊ द्यायची, सकाळीही तेच हवं असेल तर करा. आणि डेक एक नाही, दोन घ्या. हे ऐकून मनीषनगरच्या एका बाबांनी शूटिंग चालू असतानाच विचारलं, "दोन कायले? म्हणजे मले बी खेळा लागन का?"

हो, लागन.