बेसच्या तारा: आधी टेप, मग पाकीट

[दृश्य: लातूर, एप्रिलची दुपार. कूलरसमोर पलंगावर चार तारांची बेस गिटार. शेजारी स्टीलची पट्टी आणि शिंप्याची टेप.]

बेस गिटार शिकायला घेतली की पहिल्या महिन्यातच बोटांची टोकं हुळहुळायला लागतात. लगेच वाटतं, तारा फार जाड आहेत, बारीक आणाव्यात. थांबा. आधी ही पट्टी बाराव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवर, म्हणजे नेकवर, बसवलेल्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) उभी धरा. ई, म्हणजे सगळ्यात जाड तार, फ्रेटच्या माथ्यापासून किती वर आहे? दोन ते अडीच मिलिमीटर असेल तर ठीक. चार असेल, तर बारीक तार लावूनही बोटं दुखणारच. इलाज ब्रिजवर, म्हणजे तारा खालच्या टोकाला अडकवतात त्या भागावर आहे: सॅडलचे, म्हणजे तार जिथे टेकते त्या तुकड्याचे, दोन बारीक स्क्रू अ‍ॅलन कीनं फिरवून तार खाली घ्या. फार खाली नेली की ती फ्रेटवर आपटून खरखरते, म्हणून अर्धा फेरा फिरवा, वाजवून बघा, मग पुढचा अर्धा.

तारा खरंच बदलायच्या असतील, तर टेप हातात घ्या. नटपासून, म्हणजे खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. 17 इंच आले, म्हणजे 34 इंची लाँग स्केल (स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी). 15 आले, तर 30 इंची शॉर्ट स्केल. लाँग स्केलची तार शॉर्ट स्केलवर लावली की तिचा जाड भागच खुंटीवर गुंडाळला जातो. तिथे वरचा पीळ फाकतो, सूर टिकत नाही, कधी तार तुटतेही. काही बेसमध्ये तार मागून, लाकडातून ओवतात. त्यांना आणखी लांब तार लागते. म्हणून दुकानात जाण्याआधी गिटार उलटी करून मागे चार भोकं आहेत का, तेवढं पाहा.

[दृश्य: उघडलेलं पाकीट, चार गोल वेटोळी.]

पाकिटावर 45-65-85-105 असे आकडे दिसतील. ही इंचाच्या हजाराव्या भागातली जाडी. सगळ्यात बारीक ‘जी’ (G) तार 0.045 इंच, ई तार 0.105. लाँग स्केलच्या बेसवर नवशिक्यानं हाच संच घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. बहुतेक नव्या बेसवर याच्या आसपासच्या तारा असतात आणि नटच्या खाचा, नेकचा बाक त्यांनाच जुळवलेला असतो. चारही तारा मिळून नेकवर साधारण 70 ते 85 किलोंची ओढ असते. 40-100चा बारीक संच लावला की ती कमी होते, नेकच्या आतली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, नेकला मागे खेचते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटांवर खरखर सुरू होते. जाड संच लावला की नेक पुढे वाकतो, तारा वर चढतात. खाच अरुंद असेल तर तार आत बसतच नाही.

आता विणीकडे. पोलादी गाभ्याभोवती गोल तार गुंडाळली असेल तर राऊंडवाऊंड, चपटी पट्टी असेल तर फ्लॅटवाऊंड. 1951मध्ये फेंडरची प्रिसिजन बेस आली, त्या काळात फ्लॅटवाऊंडच लावत. बोटाला मऊ, सरकताना आवाज नाही, सूर गोल आणि मिटलेला. तरी नवशिक्यानं राऊंडवाऊंडच घ्यावी, असं आम्ही म्हणतो. का?

[दृश्य: जयंतीचा मांडव. ढोलक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, मागे बेस.]

मोकळ्या ई तारेचा मूळ सूर 41 हर्ट्झचा. मोबाईलच्या स्पीकरमधून तो निघत नाही. कानाला कळतात ते त्याच्या वरचे उपसूर. भीमगीताच्या साथीला ढोलकाची जाड बाजू आणि बेस एकाच जागेवर येऊन आदळतात. राऊंडवाऊंडमध्ये वरचे उपसूर भरपूर, म्हणून त्या गर्दीतही बोट कधी पडलं ते ऐकू येतं. शिकताना आपली चूक आपल्याला ऐकू येणं फार मोलाचं. त्यातही निकेल चढवलेली तार घ्या. स्टेनलेस स्टीलची आणखी खणखणीत वाजते, पण कडक असते आणि फ्रेट लवकर झिजवते. फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेली, बेस असेल तर मात्र फ्लॅटवाऊंडच. राऊंडवाऊंड तिथलं लाकूड कोरते.

मराठवाड्यातला उन्हाळा तारांच्याही अंगावर येतो. उन्हातल्या मंचावर तार तापून सैल होते, सूर उतरतो. कार्यक्रमाआधी तिथेच पुन्हा मिळवा. घाम तारेच्या फटींत साचून आवाज बद्द होतो, म्हणून वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्यानं प्रत्येक तार खालूनही पुसा.

[दृश्य: हात तार लावताना, जवळून.]

चारही तारा एकदम काढू नका. एक काढा, तिच्या जागी नवी लावा, मग दुसरी. तार खुंटीपर्यंत ताणून पुढे साधारण चार-पाच इंच ठेवा. कापायच्या जागेच्या अलीकडे आधी काटकोनात वाकवा, मगच कापा. न वाकवता कापली तर वरची वीण गाभ्यावरून निसटते आणि तार मेल्यासारखी वाजते. खुंटीत टोक खोचून खालच्या दिशेनं दोन-तीन वेढे द्या, एकावर एक नकोत. मग तार बोटांनी हलकेच वर ओढा, सूर मिळवा, पुन्हा ओढा, उतरायचा थांबेपर्यंत. शेवटी बारावा फ्रेट दाबून ट्यूनरवर (सूर दाखवणाऱ्या यंत्रावर) सूर बघा; तो मोकळ्या तारेचाच सूर, एक सप्तक वर, यायला हवा. त्याहून चढा आला तर सॅडल मागे न्या, उतरा आला तर नटकडे.